‘राजीनामा दिला’ की ‘लिहून घेतला’: न्यू जर्सीतील एका बेरोजगारी अपिलाची तयारी

पुढे मांडलेले प्रकरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका मराठी बाईंचे आहे. औषधांच्या गोदामात सहा वर्षे पॅकिंगचे काम केल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची नोकरी गेली, बेरोजगारी विम्याचा त्यांचा दावा नामंजूर झाला आणि त्या नकारावर त्यांनी अपील केले. अपिलाच्या सुनावणीची तयारी करताना मी त्यांच्यासोबत होतो. मी वकील नाही. आलेले पत्र वाचून दाखवणे, फॉर्म भरायला मदत करणे, पुढे कोणाकडे जावे ते सांगणे एवढेच काम मी ओळखीपाळखीत करत आलो आहे. हे लिहायला त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

ताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. ग्रीन कार्डावर नऊ वर्षांपासून न्यू जर्सीत राहतात. इंग्रजी समजते, कामापुरते बोलता येते, पण एखाद्याने भरभर प्रश्न विचारले तर त्या आधी ‘येस’ म्हणतात आणि मग प्रश्नाचा विचार करतात. ही सवय आपल्याकडच्या पुष्कळ माणसांना असते आणि या प्रकरणात तिची किंमत फार मोठी पडणार होती.

गोदाम घरापासून दूर होते आणि कामगारांना ने-आण करणाऱ्या एका खासगी व्हॅनने त्या जात असत. जानेवारीत ही व्हॅन तीनदा आली नाही. तिन्ही वेळा ताई दोन बस बदलून पोचल्या आणि त्यांना अनुक्रमे २०, ३५ आणि २५ मिनिटे उशीर झाला. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पाळी संपताना शिफ्ट मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावले. टेबलावर एक ओळीचा टाइप केलेला कागद होता: मी आजपासून राजीनामा देत आहे. मॅनेजर म्हणाला की सही केली तर प्रकरण इथेच मिटेल, नाही केली तर आजच कामावरून काढले जाईल आणि तशी नोंद कायम राहील. ताईंनी सही केली, मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, लॉकर रिकामा केला आणि बसस्टॉपवर येऊन साताऱ्याच्या थोरल्या बहिणीला संदेश पाठवला.

दावा ऑनलाइन दाखल केल्यावर काही दिवसांनी विमा खात्याच्या क्लेम्स एक्झामिनरचा, म्हणजे दावे तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, फोन आला. दुभाषा मागता येतो हे ताईंना माहीत नव्हते. प्रश्न होता, ‘डिड यू रिझाइन?’ उत्तर गेले, ‘येस’. पुढे दोन-तीन प्रश्न झाले, पण नोंदीत उरले ते हेच. मग पत्र आले: काम आपखुशीने सोडले, त्यामागे कामाशी निगडित असे सबळ कारण नाही, म्हणून न्यू जर्सी कायद्याच्या कलम ४३:२१-५, पोटकलम ए खाली अपात्र.

या अपात्रतेचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो, कारण ‘पैसे नाहीत’ एवढ्यावर ती थांबत नाही. आपखुशीने काम सोडल्याचा शेरा बसला की दुसरीकडे निदान आठ आठवडे काम करून साप्ताहिक भत्त्याच्या दहापट कमाई केल्याशिवाय, आणि तीही नोकरी स्वतःच्या चुकीशिवाय गेल्याशिवाय, पात्रता परत येत नाही. न्यू जर्सीत साप्ताहिक भत्ता सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के असतो आणि २०२४ साठी त्याची कमाल मर्यादा ८५४ डॉलर होती. ताईंचा पगार तासाला १८ डॉलर, म्हणजे आठवड्याला ७२०. भत्ता आला असता ४३२ डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. एका ‘येस’वर ११,२३२ डॉलरपर्यंतचा हक्क अडला होता.

आणि हा हक्कच होता. पहिल्या भेटीत ताईंनी मला खालच्या आवाजात विचारले, “भाऊ, सरकारी मदतीसाठी भांडलं तर उद्या सिटिझनशिपला अडचण नाही ना येणार?” मी त्यांना त्यांचीच पगाराची स्लिप दाखवली. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत या विम्याचा हप्ता फक्त मालक भरतो; न्यू जर्सीत कामगाराच्या पगारातूनही तो कापला जातो आणि स्लिपवर त्याची वेगळी ओळ असते. सहा वर्षे हप्ता भरलेल्या विम्याची मागणी म्हणजे हात पसरणे नव्हे, हे त्या ओळीवर बोट ठेवून सांगितल्यावर त्यांचा आवाज मोकळा झाला. पुढे तीच स्लिप आणखी एका कारणाने उपयोगी पडणार होती, पण ते तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

मुदत आणि पहिली चूक

न्यू जर्सीत ३१ जुलै २०२३ पासून अपिलाची मुदत वाढली आहे. पूर्वी निर्णयाचे पत्र हाती पडल्यापासून सात किंवा टपालात पडल्यापासून दहा दिवस मिळत. आता २१ दिवस मिळतात. ताईंचे पत्र इतर टपालात मिसळून बारा दिवस पडून होते. जुना नियम असता तर त्यांना उशिराचे समर्थनीय कारण आधी सिद्ध करावे लागले असते आणि ‘पत्र पाहिले नाही’ हे कारण सहसा टिकत नाही. त्यांनी सतराव्या दिवशी अपील दाखल केले. अपिलात लांबण लावली नाही. निर्णय मान्य नाही, मी आपखुशीने काम सोडले नाही, मला सुनावणी हवी आणि मराठी दुभाषा हवा, एवढेच लिहिले.

चूक दुसरीकडेच झाली होती. नकाराचे पत्र वाचल्यावर ताईंनी दर आठवड्याला दावा सर्टिफाय करणे, म्हणजे त्या आठवड्यातही आपण बेरोजगार आहोत असे खात्याला कळवणे, बंद केले. आता काय उपयोग, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात अपील चालू असताना दर आठवड्याला सर्टिफाय करत राहावे लागते, नोकरी शोधत असल्याची नोंद ठेवावी लागते, कारण अपील जिंकले तरी पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच. मी भेटलो तेव्हा दोन आठवडे निसटले होते. त्याच संध्याकाळी ते पुन्हा सुरू केले आणि एका वहीत नोकरीसाठी कुठे, कधी, कोणाकडे विचारणा केली ते लिहायला त्यांनी सुरुवात केली.

प्रश्न नेमका कोणता

सुनावणी अपील ट्रिब्यूनलपुढे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या न्यायपीठापुढे, होते. त्याच्यावर बोर्ड ऑफ रिव्ह्यू आहे, त्याच्यावर राज्याच्या सुपीरियर कोर्टाचा अपील विभाग आहे. पण वरचे टप्पे साधारणपणे खालच्या सुनावणीतल्या नोंदीवरच निर्णय देतात. म्हणून साक्ष द्यायची, कागद दाखवायचे, समोरच्याला प्रश्न विचारायचे ते इथेच. १९३५ च्या फेडरल सोशल सिक्युरिटी कायद्याने प्रत्येक राज्यावर निःपक्षपाती न्यायपीठापुढे रास्त सुनावणीची संधी देण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या रास्तपणाचा सगळा भार व्यवहारात या एका सुनावणीवर पडतो.

ताईंजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. सुट्टी नाकारली होती, थंडीत दार उघडे ठेवून काम करायला लावले होते, नव्या सुपरवायझरचा दुजाभाव होता. यातले काही खोटे आहे असे मला वाटत नाही. पण हे सगळे सुनावणीत मांडले असते तर त्याचा एकच अर्थ निघाला असता: बाई नोकरीला कंटाळली होती आणि म्हणून तिने राजीनामा दिला. खऱ्या तक्रारींनीच तिची बाजू पाडली असती. त्यामुळे तयारीचा पहिला आणि सर्वांत कठीण भाग म्हणजे काय बोलायचे नाही हे ठरवणे हाच होता. सहा वर्षांचा साचलेला राग बाजूला ठेव असे सांगणे मला जड गेले, आणि त्यांना ऐकणेही.

उरले दोन प्रश्न. हे काम सोडणे होते की काढून टाकणे? आणि काढून टाकणे असेल तर त्यामागे गैरवर्तन होते का? या दोन प्रश्नांत सिद्ध करण्याची जबाबदारी उलटसुलट पडते. काम सोडले असेल तर सबळ कारण दाखवण्याचे ओझे कामगारावर. काढले असेल तर गैरवर्तन सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. राज्याच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे: मालकाने कपात किंवा बडतर्फी होणार असे सांगितल्यावर कामगार निघून गेला तर तो अपात्र ठरतो, मात्र ती बडतर्फी ६० दिवसांच्या आत होणार असेल तर ठरत नाही. ताईंना सांगितले होते ‘आजच’. म्हणजे राजीनाम्याचा कागद खरा मानला तरी तो अपात्रतेला पुरेसा नव्हता, अट एवढीच की ‘आजच काढू’ हे शब्द सुनावणीच्या नोंदीत यायला हवे होते.

गैरवर्तनाची व्याख्या २०१८ मध्ये न्यू जर्सीने बदलली. वर्तन अयोग्य, हेतुपुरस्सर, कामाशी संबंधित आणि कामगाराच्या हातातले असावे लागते; प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयातली चूक त्यात मोडत नाही; आणि शिवाय मालकाचा माहीत करून दिलेला रास्त नियम जाणूनबुजून मोडलेला किंवा त्याला अपेक्षित वागणुकीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलेले असावे लागते. मालकाने त्यासाठी लेखी पुरावा द्यावा लागतो. व्हॅन न आल्याने झालेला उशीर या चौकटीत बसवणे सोपे नव्हते.

कागद

ताईंच्या फोनमध्ये तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे उशीर झालेल्या तिन्ही सकाळी सुपरवायझरला पाठवलेले संदेश: व्हॅन नाही आली, बसने येते. दुसरी म्हणजे राजीनाम्याच्या कागदाचा फोटो. तिसरी म्हणजे बहिणीला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी पाठवलेला संदेश: ‘ताई, कामावरून काढलं गं. कागदावर सही घेतली. घरी जाऊन बोलते.’

हा तिसरा संदेश मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तो दावा, वकील, अपील यांपैकी काहीही मनात नसताना, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईने स्वतःच्या बहिणीला लिहिला होता. ताईंनी उत्साहाने बहिणीकडून तिच्या फोनचा स्क्रीनशॉट मागवला. त्यावर वेळ होती पहाटे २ वाजून २२ मिनिटे आणि तारीख गुरुवारची. हिवाळ्यात भारत न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असतो. सुनावणीत ‘बुधवारी पाठवला’ म्हणायचे आणि कागदावर गुरुवार दिसायचा, असा घोळ नको म्हणून तो बाजूला ठेवला आणि ताईंच्या स्वतःच्या फोनचा स्क्रीनशॉट घेतला, ज्यावर बुधवार आणि ३:५२ स्वच्छ दिसत होते. मराठी मजकुराखाली इंग्रजी भाषांतर जोडले.

राजीनाम्याचा फोटो मोठा करून पाहत असताना ताई थबकल्या. “भाऊ, माझं आडनाव चुकलंय बघा.” टाइप केलेल्या नावात एक अक्षर कमी होते, खालच्या सहीत ते बरोबर होते. मला आधी ती किरकोळ बाब वाटली. मग पगाराची स्लिप शेजारी ठेवली. तिच्यावरही आडनावात तेच अक्षर गळलेले होते आणि सहा वर्षे तसेच छापून येत होते. स्वतःच्या मनाने राजीनामा लिहिणारी व्यक्ती स्वतःचे आडनाव चुकवत नाही, आणि चुकवलेच तर नेमके कंपनीच्या पगारपत्रकात चुकले आहे तसे चुकवत नाही. तो कागद कोणाच्या संगणकातून निघाला हे आता ताईंनी ओरडून सांगायची गरज नव्हती. दोन्ही कागद एकाच पानावर खाली-वर ठेवून त्यांची प्रत काढली. सगळे कागद क्रमांक घालून, नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीने, सुनावणीच्या पुरेसे आधी ट्रिब्यूनलकडे आणि कंपनीकडे पाठवले.

साक्षीदार मात्र मिळाला नाही. व्हॅनमध्ये सोबत येणाऱ्या एका गुजराती बाईंनी व्हॅन आली नव्हती हे पाहिले होते, पण त्या अजून त्याच गोदामात कामाला होत्या. साक्षीसाठी समन्स मागता येते हे मी ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “तिला दोन लेकरं आहेत. तिचं काम गेलं तर मी काय तोंड दाखवू?” व्हॅनबद्दल सांगायला संदेश होते आणि ऑफिसातल्या बोलण्याबद्दल त्या बाईंना काही ठाऊक नव्हते, म्हणून हा विषय तिथेच सोडला.

शब्द

दोन संध्याकाळी ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही सराव केला. मी विचारायचे, त्यांनी सांगायचे. पहिल्या वेळी ‘त्या दिवशी काय झालं?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कामावर लागल्या त्या वर्षापासून सुरू केले. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “मला वाटलं ते मला काढणारच.” मी थांबवले. वाटले हे मनातले झाले. सुनावणी घेणाऱ्याला कानांनी ऐकलेले हवे असते. कोण बोलले, कुठे, किती वाजता, खोलीत आणखी कोण होते, नेमके शब्द कोणते? हळूहळू उत्तर आकाराला आले: पाळी संपायला दहा मिनिटे होती, मॅनेजर आणि मी दोघेच होतो, कागद आधीच छापून टेबलावर होता, तो म्हणाला सही कर, नाहीतर आजच काढतो.

त्यांना काहीही पाठ करायला लावले नाही, कारण पाठ केलेली साक्ष पहिल्या आडव्या प्रश्नाला कोसळते. फक्त क्रम पक्का केला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो त्या जुन्या ‘येस’वर. ती नोंद सुनावणी घेणाऱ्यापुढे असणारच होती. ताईंचा पहिला विचार होता की मी तसे म्हटलेच नाही असे सांगावे. त्यांना खोटे बोलायचे नव्हते. त्यांना खरोखरच आपण राजीनामा दिला असे वाटत नव्हते. मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. ‘राजीनामा दिला’ म्हणजे एक गोष्ट, ‘राजीनामा लिहून घेतला’ म्हणजे अगदी दुसरी. ‘सही केली’ आणि ‘सही घेतली’ यांत करणारा माणूसच बदलतो. फोनवरच्या इंग्रजी प्रश्नाला या दोहोंतले काहीही उत्तर म्हणून देता आले नाही, ‘येस’ तेवढे देता आले. म्हणून ठरले की ‘येस’ नाकारायचे नाही. त्या फोनवर दुभाषा नव्हता, कागदावर सही आहे का असे विचारले असे समजून मी हो म्हटले, कागद मी लिहिला नव्हता, हे सरळ सांगायचे.

याच कारणाने दुभाषाही मराठीच हवा यावर आम्ही अडून राहिलो. ट्रिब्यूनल दुभाषा विनाशुल्क देते. हिंदी चालेल का, अशी विचारणा झाली तेव्हा ताई हो म्हणायच्या बेतात होत्या. हिंदी त्यांना येते, पण बाजारहाटापुरती. ज्या प्रकरणाचा निकाल एका क्रियापदावर लागणार आहे त्यात दुसऱ्या भाषेतून तिसऱ्या भाषेत जाणे मला धोक्याचे वाटले. त्यांनी नम्रपणे मराठीच मागितले आणि ते मिळाले.

सुनावणी

सुनावणी फोनवर झाली, सुमारे चाळीस मिनिटे. नोटिशीत सांगितल्याप्रमाणे ताईंनी आधीच नाव आणि फोन क्रमांक नोंदवला होता. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे अपील्स एक्झामिनरने, शपथ दिली आणि संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचे सांगितले. मी शेजारच्या खोलीत होतो. साक्ष त्यांची होती आणि कोणी कानात सांगत आहे अशी शंकाही यायला नको होती.

कंपनीकडून मनुष्यबळ विभागातील एक अधिकारी दुसऱ्या राज्यातून बोलत होत्या. त्यांनी राजीनाम्याचा कागद वाचून दाखवला आणि मॅनेजरने आपल्याला सांगितले की कामगाराने स्वतःहून राजीनामा दिला, असे म्हटले. प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा ताईंनी वहीत लिहिलेले तीनच प्रश्न विचारले. त्या खोलीत तुम्ही होता का? नाही. कागद कोणी टाइप केला? ठाऊक नाही. उशिराबद्दल मला कधी लेखी ताकीद दिली होती का? नोंद सापडत नाही. अशा सुनावणीत ऐकीव माहिती सांगता येते, पण न्यू जर्सीत निष्कर्ष केवळ ऐकीव माहितीवर उभा करता येत नाही. त्याखाली काहीतरी ग्राह्य, थेट पुरावा लागतो. खोलीतल्या बोलण्याबद्दल थेट पुरावा देणारी व्यक्ती त्या फोनवर एकच होती.

ताई स्वतः बोलत असताना एक अडचण आली. त्या म्हणाल्या ‘सही घेतली’ आणि दुभाषाने इंग्रजीत ‘मी सही केली’ असे सांगितले. अशा वेळी लगेच थांबवायचे, नंतर नाही, हे आम्ही ठरवले होते. ताईंनी एक्झामिनरची परवानगी मागून तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितले की भाषांतर बरोबर नाही, मॅनेजरने सही करायला लावली असे मी म्हणते आहे. एक्झामिनरने दुभाषाला वाक्य पुन्हा घ्यायला सांगितले आणि दुरुस्ती नोंदीत आली. मग एक्झामिनरने विचारले की सही केली नसती तर काय झाले असते. सरावात या प्रश्नाला त्या ‘मी घाबरले होते’ असे म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “तो म्हणाला, आजच काढतो.” आडनावाच्या पानाबद्दल एक्झामिनरनेच विचारले.

निर्णय लेखी आला. ताईंनी आपखुशीने काम सोडलेले नाही, त्यांना काढण्यात आले, आणि उशिरामागे गैरवर्तन सिद्ध झालेले नाही, म्हणून पोटकलम ए किंवा गैरवर्तनाचे पोटकलम बी यांपैकी कशाखालीही अपात्रता नाही. कंपनीने बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे अपील केले नाही. सर्टिफाय केलेल्या सगळ्या आठवड्यांची रक्कम एकदम जमा झाली आणि पुढचे आठवडे नियमित येत राहिले, उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना एका छापखान्यात काम लागेपर्यंत. सुटलेल्या दोन आठवड्यांसाठी त्यांनी वेगळी विनंती केली होती. उशिरा सर्टिफाय करायला समर्थनीय कारण लागते आणि नकार आला म्हणून थांबले हे कारण मान्य झाले नाही. ते ८६४ डॉलर मिळाले नाहीत.